मोरेश्वरला काठी पसंत पडत नाही

माझा मेहुणा मोरेश्वर गळाची काठी बघायला दुकानात जातो तेव्हा सोबत ओल्या जलपर्णीनं भरलेली गोणी घेऊन जातो. दुकानाच्या लादीवर ती उपडी करतो, पानं पायानं सारखी पसरतो, मधे ताटलीएवढं भोक ठेवतो आणि त्या भोकात एक सोललेला नारळ बसवतो. नारळ म्हणजे मासा. मग मागं सरकून उभा राहतो आणि म्हणतो, "हां, आता दाखव काठी."

हा माणूस वेडा नाही. कोन गावात त्याची गोदामं आहेत, भाडं येतं, गळ्यात बोटाएवढी जाड चेन आहे. गावात त्याला मोरूशेट म्हणतात. लग्नाच्या पत्रिकेत त्याचं नाव वरच्या ओळीत छापतात. असा माणूस भर दुपारी दुकानात कचरा पसरून नारळावर नेम धरतो, आणि मी त्याचा सख्खा भावोजी, बाजूला स्टुलावर बसून ते बघतो.

दुकान आसिफभाईचं. अर्ध्या दुकानात लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं सामान, शटल, पिकर, पट्टे. उरलेल्या अर्ध्यात गळ, दोरे, काठ्या, कारण आसिफभाईला स्वतःला गळाचा नाद. लूमवाले सामान न्यायला घाईत येतात आणि जलपर्णीवरून घसरतात.

"सेठ, कोई गिर के हड्डी तुडवाएगा तो मेरे को भरना पडेगा," आसिफभाई म्हणतो.

"तो क्या करू? मच्छी तुम्हारे लादी पे रहती है क्या? झाडी में रहती है. तो काठी भी झाडी में देखनी पडेगी." मोरेश्वरचं हिंदी असं आहे. पण म्हणणं खोटं नाही.

मला गळातलं काही कळत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलो आणि जन्मभर लूमवर शिफ्ट केली. आता मोरेश्वरच्या संगतीनं एवढं कळतं की त्याला धरायचीय मरळ. मरळ मोकळ्या पाण्यात येत नाही, पानांखाली दबा धरून बसते. तिच्यासाठी गळ लांब फेकून उपयोग नाही. जवळूनच, पानांच्या भोकात, रबराचं खोटं बेडूक अलगद सोडायचं. याच्या दोन तऱ्हा मोरेश्वर मोबाईलवर शिकला आहे. एक फ्लिपिंग. म्हणजे काठीजवळचा दोरा डाव्या हातानं ओढून धरायचा आणि बेडकाला पाळण्यासारखा झोका देऊन समोरच्या भोकात सोडायचं. दुसरी पिचिंग. म्हणजे बेडूक डाव्या हातात धरायचं, काठीचं टोक खालून वर उचलायचं आणि हात सोडायचा. बेडूक पाण्यालगत सरळ जातं आणि जरा लांबच्या भोकात बसतं. दोन्हीत आवाज होता कामा नये. "पान पडला असा वाटला पायजे," मोरेश्वर सांगतो, "बादली पडली असा न्हाय."

याला काठी लागते लांब, पाठीत ताठ, आणि शेंडा तेवढा जिवंत. कारण मरळ बेडूक तोंडात धरते आणि तडक मुळांत शिरते. तिला एका झटक्यात वर काढली तर ती आपली. काठी लवचिक असली की काठी वाकत बसते आणि मासा घरी पोचतो. दांडा कोपराखाली दाबता येईल एवढा लांब हवा, पण दिवसभर धरून हात दुखेल एवढी काठी जड नको. हे सगळं एका काठीत असायला पाहिजे आणि असतंही. आसिफभाईनं अशा काठ्या दाखवल्या आहेत. मोरेश्वर त्या हातात घेतो, तोलतो, मुठीचा वास घेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "हातात बोलत न्हाय."

काठी बोलत नाही म्हणून मग तोच बोलतो. एक काठी आखूड, एक फार भारी, एक चवळीच्या शेंगेसारखी. एक लाल होती ती लाल म्हणून नको. एका काठीत मात्र त्याला काहीच खोट सापडेना. मी म्हटलं, "मग घे की ही."

"भावोजी, येवढी बरी कशी काय हाय? कायतरी भानगड असंल."

काठी हातात बोलते की नाही हे बघायची त्याची एक परीक्षा आहे. शेंडा दुसऱ्याच्या गळ्याला लावायचा, मूठ आपल्या हातात धरायची आणि त्या माणसाला बोलायला लावायचं. चांगल्या काठीत गळ्याची थरथर मुठीपर्यंत पोचते म्हणे. गळा नेहमी माझा. आसिफभाईचा नाही, कारण तो हिंदी बोलतो आणि मोरेश्वरला मराठीत तपासायचं असतं.

"बोला भावोजी."

"काय बोलू?"

"काय बी. मोठ्यानं."

"मना मासं खायचं हायेत, मेल्या! डाळ खाऊन खाऊन पोटात वेल उगवला!"

मोरेश्वर डोळे मिटून ऐकत उभा राहतो. मूठ जरा फिरवून धरतो. मग हळूच मान हलवतो. "न्हाय. येत न्हाय हातात."

आता माझा आणि माशांचा काय संबंध ते सांगतो.

माझी बायको हिरा आषाढात गेली. आमच्या भावकीत रीत आहे. घरात माणूस गेलं की वशाट बंद, म्हणजे मासळी-मटण काही नाही. दिवस झाल्यावर गेलेल्या बाईच्या माहेरचे मासळी घेऊन येतात. मासळी माहेरची, चूल त्या घरची. भावानं पहिला घास तिच्या नवऱ्याला भरवायचा. मग ते घर वशाटावर येतं आणि दुःख तिथं संपलं असं धरतात. संपत नाही, पण धरतात. त्याआधी बाहेर कुठं खाल्लं तर पोलीस धरत नाहीत, पण बायकोच्या माहेरचा मान मोडतो. हिराच्या माहेरचा मान मी कधी मोडला नाही, आता ती नसताना कसा मोडू?

हिराचं माहेर म्हणजे एकटा मोरेश्वर. आई लहानपणीच गेली, हिरानंच याला कडेवर वाढवला; तो तिला बाय म्हणायचा. तेराव्याला सगळे वाट बघत बसलेले, आणि हा आला हात हलवत. चुलीवर पातेलं, आत पाणी उकळतंय, मसाला वाटून तयार. मी विचारलं, "मासळी?"

म्हणाला, "बाजारची न्हाय घालनार. बायला तळ्यातली मरळ आवडायची. ती मी सोता धरनार. काठीनं. पन काठी बरी पायजे."

ते तळं कोनला त्याच्या गोदामांच्या मागं आहे. सगळी जमीन भरली, सिमेंट ओतलं, पण तळं त्यानं भरू दिलं नाही. लहानपणी बहीण-भाऊ तिथं बांबूच्या काठीनं पानांच्या भोकात गळ सोडून बसायची. कोणी म्हणालं, जाळं टाक, संध्याकाळपर्यंत मासा मिळंल. तो म्हणाला, बायनं कधी जाळं टाकला न्हाय. कोणी म्हणालं, मग बांबूच घे. तो म्हणाला, आता जलपर्णी लय माजली, बांबू मोडंल. जमलेली माणसं बटाट्याची भाजी खाऊन आपापल्या घरी गेली. जाताना एक म्हातारा म्हणाला, "बहिनीवर जीव हाय पोराचा." दुसरा म्हणाला, "मासळी महाग हाय." मला तेव्हा दुसऱ्याचं पटलं.

आषाढापासून मी डाळ-भात खातोय. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. शेजारी बोंबील तळले की मी खिडकी लावून घेतो. चार शब्द बोलायला घरात माणूस नाही आणि ताटात मासा नाही, मग ते घर कशाला म्हणायचं?

पण मोरेश्वर दर ऐतवारी यायचा. आधी मला घेऊन दुकानात, मग कामतघरला माझ्या खोलीवर, कोरा चहा. चहा पिता पिता काठ्यांचा हिशोब. कुठल्या काठीत काय खोट निघाली, मोबाईलमधला गोरा काय म्हणाला, आसिफभाईकडं आता कंचा माल यायचाय. मग तो उठायचा, कोपऱ्यातला झाडूचा दांडा घ्यायचा, त्याला दोरा आणि दोऱ्याला शिशाचा गोळा बांधायचा आणि मला पिचिंग दाखवायचा. मोरीजवळ तांब्या ठेवायचा आणि पलंगावरून गोळा तांब्यात टाकायचा. लागला तर नुसतं टण, चुकला तर पत्र्याच्या भिंतीवर धाडकन. पलीकडं यादव राहतो, त्याची नाईट ड्युटी. दिवसा झोपतो बिचारा.

"भूकंप आया क्या, चाचा?" तो भिंतीपलीकडून ओरडायचा.

"मच्छी पकड रहे!" मी ओरडायचो.

"मिली?"

"अभी काठी नहीं मिली!"

एकदा गोळा तांब्याऐवजी माझ्या डाळीच्या पातेल्यात पडला. मोरेश्वरनं वाकून पातेल्यात बघितलं आणि खूश झाला. "बगा! आवाज आला? न्हाय आला! अशी पडली पायजे!" मी म्हटलं, डाळ दाट आहे म्हणून आवाज आला नाही, आणि आता गोळा धुऊन मिळेल पण डाळ कशी धुऊ? तो म्हणाला, "भावोजी, तुमी लय वाकडा बगता."

भाऊबीजेलाही आला. नवे कपडे घालून. हातात पिशवी, पिशवीत बहुतेक साडी असेल, कारण त्याला सवय ती. पिशवी त्यानं मांडीखाली दाबून ठेवली आणि दिवे लागणीपर्यंत मला काठीच्या कड्यांविषयी सांगत बसला. काठीला ज्या कड्यांतून दोरा जातो त्या कड्या. त्या किती असाव्यात, कशा असाव्यात. मी हूं हूं करत होतो. जाताना पिशवी घेऊन गेला. मीही विचारलं नाही.

मी त्याला सरळ बोललोही आहे. दुकानातून परत येताना रिक्षात म्हटलं, "मोऱ्या, तू काठी बघतोस का बायको? एवढ्या वेळात मानूस लगीन करून दोन पोरांचा बाप होतो."

"बायको चुकली तर घरात भांडते. काठी चुकली तर मासा जातो."

"जाऊ दे एक मासा! दुसरा येल!"

"एकच येल, भावोजी," तो म्हणाला आणि रस्त्याकडं बघत बसला. मला वाटलं, माशाचं बोलतोय.

मागच्या ऐतवारी तो आला नाही. मी चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, परत ठेवलं. झाडूचा दांडा कोपऱ्यात उभा. दुपारी यादवनं भिंतीवर टकटक केली. "चाचा, आज मच्छी नहीं पकडना? नींद नहीं आ रही." मी चपला घातल्या, ग्लुकोजच्या बिस्किटांचे दोन पुडे घेतले आणि रिक्षा करून कोनला गेलो. हिरा गेल्यापासून त्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो.

दारात त्याची बायको सुगंधा. म्हणाली, "यांना ताप हाय दादा. आता डोळा लागलाय. बसा, च्या ठेवते." मी पडवीत बसलो. बसलो तर समोर भिंतीला काठी उभी. काळी, लांब, दांड्याच्या मुठीवरचं रबर हातानं घासून गुळगुळीत झालेलं. शेंड्याला रबराचं बेडूक लटकलेलं, त्याचे पाय चावून अर्धे झालेले.

मी इतक्या काठ्या बघितल्यात की आता मलाही कळतं. मी ती कोपराखाली धरून बघितली. हलकी, ताठ, शेंडा जिवंत. एवढी बरी काठी मी आसिफभाईकडं बघितली नव्हती.

सुगंधा चहा घेऊन आली आणि माझ्या हातात काठी बघून तिथंच थांबली.

"ही कवा घेतली?" मी विचारलं.

तिनं आत बघितलं, आवाज खाली केला. "दसऱ्याच्या आदी. यांना बोलू नका, दादा."

"आसिफभाईकडून?"

"त्याच्याकडूनच. त्याला शपथ घातलीय."

म्हणजे आसिफभाई दसऱ्यापासून ती जलपर्णी फुकटची पुसत होता.

"मग मासा लागत न्हाय?"

"लागतो की. रोज सकाळी मागं तळ्यावर जातात. परवा येवढा धरला." तिनं कोपरापर्यंत हात दाखवला. "धरतात, हातात घेऊन बगत ऱ्हातात, आणि सोडून देतात. घरात आम्ही खातो, पन हे भाजीवर हायेत. तुमच्यासारखेच."

मी काठी भिंतीला लावली. माझ्या डोक्यात राग चढला, खरं सांगतो. इकडं मी डाळ ओरपतोय आणि हा माणूस कोपराएवढी मरळ पाण्यात सोडतोय! म्हटलं, "का पन? मी काय वाकडा केला याचा?"

सुगंधा उंबऱ्यावर बसली. "मी बी तेच बोलले. एक न्या, भावोजींना घाला, वशाट करून टाका. तर बोलतात, घास भरवला का बायचा सगला आटपला. मंग कामतघरला मी कंच्या नात्यानं जाऊ? भाचा न्हाय, भाची न्हाय. भावोजी काय मना बोलावनार हायेत?"

आम्हाला मूल झालं नाही. आणि मी बोलावलं नसतं, हेही खरं. माझ्या तोंडातून 'ये रे' असं कधी कोणाला निघालेलं नाही. बोलावायचं काम हिराचं होतं. ती दाराबाहेर उभी राहून हाका मारायची, मी आत बसून आलेल्यांना बघायचो.

चहा गार झाला. मी तो तसाच प्यायलो.

आतून खोकला आला. "कोन हाय गो?"

"मी हाय," म्हणालो आणि आत गेलो.

मोरेश्वर गोधडीत. चेन उशाला काढून ठेवलेली, त्यामुळं एकदम लहान दिसत होता. "भावोजी? तुमी? काय झाला?"

"तू आला न्हायस."

"ताप हाय."

"मग फोन करायचा."

"तुमी उचलता कवा?"

हेही खरं. लूमनं माझे कान नेलेत, फोन वाजतो तो शेजाऱ्याला कळतो. मी बिस्किटं त्याच्या उशाशी ठेवली. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "लय सुकलाव भावोजी तुमी."

"डाळीनं मानूस सुकतोच."

"पडल्या पडल्या इचार केला. तुमची लय आबाळ केली मी. आता न्हाय लांबवत. येत्या ऐतवारी जी असंल ती काठी घेऊ. ती पांढरी हाय बगा, कोपराला बसली व्हती. ती घेतो, दुसऱ्या दिवशी मरळ धरतो आणि तुमच्याकडं येऊन करून टाकू वशाट. एकदाचा." एवढं बोलून त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

सुगंधा दारात उभी. तिचा पदर तोंडावर.

तोंडाला पाणी सुटलं माझ्या, खोटं का सांगू? मरळीचं कालवण, त्यात कोकम, वर गरम भात. हिराच्या हातचं नसेल, पण मासा तर असेल. 'बरं' म्हणायला मी तोंड उघडलंही.

"कंची? पांढरी?" मी म्हणालो.

"हां."

"तिची शेंड्याची कडी बगितलीस?"

तो वळला. "कडी? काय झाला कडीला?"

"तिरकी हाय. दोरा घासंल तिथं. मासा लागंल, ऐन टायमाला दोरा तुटंल, मग येशील माझ्या दारात तोंड पाडून."

"तिरकी? मी तर बगितली व्हती. तुमी कवा बगितली?"

"जन्म लूमवर गेला माझा. धागा कुठं घासतो ते तू मना शिकवनार?"

ती कडी चांगली सरळ होती. म्हणजे असावी. मी बघितलीच नव्हती.

मोरेश्वर कोपरावर उठून बसला. तापानं डोळे लाल झालेले, ते माझ्या तोंडावर फिरवत राहिला. मी त्याच्या उशाशी ठेवलेला पुडा फोडायला घेतला. माझ्या हातानं तो लवकर फुटत नाही.

"मंग?" तो म्हणाला.

"मंग काय? दुसरी बगू. काठीला काय तोटा हाय? ऐतवारी ये. आणि दुकानात आधी न्हाय, जेवायलाच ये. डाळ हाय, भात हाय."

असं मी म्हणालो. आवाज मलाच परका वाटला.

त्यानं एक बिस्कीट घेतलं, हातातच धरून ठेवलं. मग हळूच आडवा झाला आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. सुगंधा पुढं झाली, पण मी तिला हातानं थांबवलं. गोधडी थोडा वेळ हलत राहिली. मग आतून, नाक भरलेल्या आवाजात तो म्हणाला,

"बोललोच व्हतो मी. ती पांढरी मना पयल्यापासून संशयाची वाटत व्हती."